गॉर्डन हॉल: मुंबईतली तेरा वर्षं आणि त्यांचा हिशोब

वाटसरू_नाशिक (धागाकर्ता):

नमस्कार मंडळी. नाशिकच्या जुन्या नोंदी चाळताना एका माणसाशी वारंवार गाठ पडते आहे आणि तो काही डोक्यातून जात नाही. रेव्हरंड गॉर्डन हॉल. अमेरिकन मराठी मिशनचा पाया घालणारा. फेब्रुवारी १८१३ मध्ये मुंबईत उतरला आणि २० मार्च १८२६ रोजी नाशिकहून परतताना वाटेतच पटकीने गेला. वय ४१. मधल्या तेरा वर्षांत तो एकदाही मायदेशी गेला नाही.

मॅसॅच्युसेट्समधल्या टॉलंड गावच्या शेतकऱ्याचा हा मुलगा. १८०८ साली विल्यम्स कॉलेजातून पदवी घेतली, पुढे धर्मशास्त्र शिकला आणि कनेटिकटमधल्या वुडबरी गावच्या चर्चमध्ये उपदेश करू लागला. गावाला तो इतका आवडला की आमचा कायमचा पाळक हो म्हणून लोकांनी गळ घातली. डोक्यावर छप्पर, पगार, गावात मान, लग्न करून सुखाने म्हातारं व्हायची सोय. त्याने नाही म्हटलं. ख्रिस्ती मुलखात कुठेही स्थिरावायचं नाही, जिथे ही सुवार्ता कुणी ऐकलेलीच नाही तिथे जायचं, हे त्याचं आधीच ठरलं होतं. निघण्यापूर्वी फिलाडेल्फियात थोडं वैद्यकही शिकून घेतलं.

इथे आल्यावर तो मराठी शिकला. रस्त्यांवर, देवळांच्या आवारात, जत्रांमध्ये उभा राहून बोलू लागला. शाळा काढल्या, छापखाना उभा केला, नव्या कराराच्या मराठी भाषांतरात वर्षं घातली. आणि बाप्तिस्मा घेणारे? त्याच्या हयातीत बोटांवर मोजण्याइतके.

मला जे छळतंय ते असं. ज्यासाठी सगळं सोडून आला ते त्याच्या डोळ्यांदेखत जवळजवळ झालंच नाही. जे साधन म्हणून उभं केलं, म्हणजे शाळा आणि छापखाना, तेच महाराष्ट्रात रुजलं. अशा माणसाचं आयुष्य कोणत्या मापाने मोजायचं? त्याच्या की आपल्या? मला हा माणूस मोठा वाटतो, हे आधीच सांगून टाकतो. पण का वाटतो हे मला नीट मांडता येत नाहीये. तुम्ही बोला.

चाफा:

नाव पहिल्यांदाच ऐकलं. मिशनरी म्हटलं की विल्यम केरी किंवा डॉ. विल्सन एवढंच आठवतं. १८१३ मध्ये अमेरिकन लोक मुंबईत कसे काय? तेव्हा तर पेशवाईही होती ना?

जुनी_पोथी:

@चाफा, हो, पेशवाई होती. आणि नुसते पोचले एवढ्यावर भागलं नाही, त्यांना हाकलायचा हुकूमही निघाला होता. सविस्तर लिहितो, कारण हा भाग कुणी सांगत नाही.

अमेरिकेतून परदेशी पाठवलेली ही पहिलीच तुकडी. सुरुवात १८०६ च्या उन्हाळ्यात, विल्यम्स कॉलेजातच. सॅम्युअल मिल्स आणि त्याचे चार मित्र माळावर प्रार्थनेला जमले होते, वादळ आलं म्हणून गवताच्या गंजीआड बसले आणि आशिया खंडात जायचं तिथे ठरवून उठले. हॉल त्या पाचांत नव्हता. पण त्याच कॉलेजात होता आणि लवकरच मिल्सच्या वर्तुळात ओढला गेला. १८१० मध्ये त्यांना पाठवणारं मंडळ स्थापन झालं, अमेरिकन बोर्ड.

६ फेब्रुवारी १८१२ रोजी सेलम गावी पाच तरुणांना दीक्षा मिळाली: जडसन, न्यूवेल, नॉट, हॉल आणि राइस. दोन वेगवेगळ्या जहाजांनी सगळे कलकत्त्याला आले. तिथे कंपनी सरकारने सांगितलं, चालते व्हा. एक तर १८०६ च्या वेल्लोरच्या उठावापासून कंपनीला धास्ती होती की मिशनरी लोकांच्या धर्मात हात घालतील आणि शिपाई पुन्हा बिथरतील. त्यात जून १८१२ मध्ये अमेरिका आणि इंग्लंड यांच्यात युद्ध पेटलं. म्हणजे हे आता शत्रुराष्ट्राचे नागरिक!

जडसन आणि राइस यांनी याच काळात बाप्तिस्ट मत स्वीकारलं आणि ते मिशनपासून वेगळे झाले. जडसन ब्रह्मदेशात गेला. हॉल आणि नॉट कलकत्त्याहून निसटून मुंबईला आले. इथला गव्हर्नर सर इव्हान नेपिअन मनाने धार्मिक होता, त्याला त्यांच्याविषयी आस्था होती, पण वरून हुकूम: पहिल्या जहाजाने इंग्लंडला रवाना करा. नोव्हेंबर १८१३ मध्ये दोघे किनाऱ्याकिनाऱ्याने जाणाऱ्या गलबतातून गुपचूप कोचीनला गेले. तिथे पकडून परत आणलं.

मग हॉलने नेपिअनला पत्र लिहिलं. अर्जविनंतीचं नव्हे. तुम्ही ख्रिस्ती आहात, आम्हीही आहोत. एक दिवस आपण सगळे एकाच न्यायासनापुढे उभे राहणार आहोत, तेव्हा या हद्दपारीचं उत्तर तुम्हाला द्यावं लागेल, असा त्याचा रोख. एका सव्वीस-सत्तावीस... नाही, तेव्हा २९ वर्षांचा होता, अशा परक्या माणसाने गव्हर्नरला असं लिहायचं! नेपिअनने हुकूम रोखून धरला. लंडनमध्ये कंपनीचे एक संचालक चार्ल्स ग्रँट यांनी बाजू मांडली, १८१३ च्या सनदेने मिशनऱ्यांना दारही किलकिलं केलं, आणि अखेर राहायची परवानगी मिळाली.

चाफा:

बाप रे. म्हणजे "इंग्रजांनी मिशनरी आणले" हे आपण सरसकट म्हणतो ते इथे लागूच पडत नाही.

जुनी_पोथी:

निदान सुरुवातीच्या काळाला नाहीच. नेपिअननंतरचा गव्हर्नर एल्फिन्स्टन, त्याचंही धोरण सांभाळूनच राहायचं होतं.

रानवारा:

माणूस धाडसी होता, मान्य. पण धाग्याचा सूर मला जरा भाबडा वाटतोय.

१८१८ मध्ये हॉल आणि न्यूवेल यांनी मिळून एक पुस्तिका लिहिली. विषय साऱ्या जगाचं धर्मांतर. ख्रिस्ताचं नाव न ऐकलेले साठ कोटी लोक आहेत, त्यांच्यासाठी किती मिशनरी लागतील, याचं गणित मांडलं आहे. ज्ञानेश्वर-तुकारामांच्या मुलखात बसून ज्याला आजूबाजूला फक्त अंधार दिसतो, त्याच्या करुणेतही एक उद्दामपणा आहे. आणि शाळा काढल्या त्या आपल्या मुलांनी शिकावं म्हणून नव्हे, बायबल वाचता यावं म्हणून. त्याने मागितलेलं मिळालं नाही याचं मला दुःख नाही. उलट इथल्या लोकांनी त्याचं ऐकून घेतलं, हवं ते घेतलं, नको ते ठेवलं. यात कौतुक करायचं तर त्या लोकांचं करा.

गोडाचा_शिरा:

शेवटचं वाक्य एकदम पटलं.

भिंगारवाला:

मी नगरचा. चार पिढ्यांचे ख्रिस्ती आम्ही. म्हणून जरा सविस्तर.

रानवारा दादा, तुमच्या पहिल्या मुद्द्याशी मी भांडणार नाही. त्या काळच्या मिशनऱ्यांची पत्रं वाचताना आम्हालाही कितीदा वाईट वाटतं. आपल्या पणजोबांविषयी कुणी असं लिहावं हे कुणाला आवडेल? पण "हवं ते घेतलं, नको ते ठेवलं" यातले "लोक" कोण, हेही बघा. ज्यांना गावच्या विहिरीवर पाणी भरता येत नव्हतं ते त्या लोकांत धरले आहेत का? आमचे पूर्वज मांगवाड्यातले. त्यांनी जे घेतलं ते हातचं काही राखून घेतलेलं नाही, जिवावर उदार होऊन घेतलं. ते हॉलसाहेबांच्या कितीतरी नंतर, १८७६-७८ च्या दुष्काळाच्या आगेमागे. त्यावरून "भाकरीसाठी बाटलेले" हा टोमणा आम्ही शाळेपासून ऐकतोय. माझी आजी यावर एवढंच म्हणायची, "भाकर कुणीही दिली असती तर घेतली असती रे, पण त्यांनी शेजारी बसून खाल्ली."

आणि आमचं ख्रिस्तीपण काही अमेरिकेतून पेटीत बंद होऊन आलेलं नाही. नारायण वामन टिळकांचा बाप्तिस्मा १८९५ चा. त्यांची भजनं आमच्याकडे आजही टाळ-पेटीवर होतात. नाताळात कीर्तन होतं, बुवा ख्रिस्तजन्माचं आख्यान लावतात, उत्तररंगात म्हातारी माणसं डोळे पुसतात. हॉलसाहेब ऐकायला बसले असते तर त्यांना यातलं किती ओळखू आलं असतं कोण जाणे, पण ते आले नसते तर हेही नसतं.

मूळ प्रश्नाचं माझं उत्तर: त्यांच्या मापानेही ते आयुष्य वाया गेलेलं नाही. पेरणारा आणि कापणारा वेगळा असू शकतो, हे तर शुभवर्तमानातच आहे.

रानवारा:

भिंगारवाला, तुमच्या आजीचं वाक्य जपून ठेवण्यासारखं आहे. "लोक" मी फार सैल वापरला, तिथे तुमचं बरोबर. पुस्तिकेबद्दलचं माझं मत मात्र कायम आहे.

खडूफळा:

शाळांबद्दल थोडं. माझा अभ्यासाचा विषय आहे म्हणून.

मिशनच्या शाळा हॉलच्याच काळात मुंबईत सुरू झाल्या आणि पुढे साष्टीकडे व कोकणच्या किनाऱ्याने पसरल्या. यात गंमत अशी की शिकवायला ख्रिस्ती शिक्षक होतेच कुठे? म्हणून बहुतेक पंतोजी ब्राह्मणच नेमले जात, काही बेने इस्रायली, म्हणजे कोकणातले ज्यूही होते. मुलांना वाचन, लेखन, हिशोब, आणि त्याबरोबर बायबलमधल्या गोष्टी व दहा आज्ञा. म्हणजे स्नानसंध्या करून आलेले पंतोजी मुलांकडून ख्रिस्ताचा डोंगरावरचा उपदेश घोकून घेताहेत, असं ते चित्र. आईबाप मुलांना पाठवत, कारण फी नव्हती आणि अक्षरओळख होत होती. रानवारा म्हणतात ते खरंच आहे, हेतू बायबल वाचता यावं हाच होता. मिशनने तो कधी लपवलाही नाही.

पण १८२४ कडे बघा. त्या वर्षी अमेरिकन मिशनने मुंबईत मुलींची शाळा काढली. पश्चिम हिंदुस्थानात इथल्या मुलींसाठी अशा तऱ्हेची ही पहिलीच धडपड म्हणतात. हॉल तेव्हा हयात होता. मुलगी शिकली तर विधवा होते, असं सरसकट मानलं जायचं त्या काळातली ही गोष्ट. डिसेंबर १८२७ मध्ये सिंथिया फरार मुंबईत आल्या, अमेरिकन बोर्डाने परदेशी पाठवलेल्या सुरुवातीच्या अविवाहित स्त्रियांपैकी एक. त्या १८३९ मध्ये नगरला गेल्या आणि १८६२ मध्ये तिथेच वारल्या. त्यांची नगरची मुलींची शाळा बघून जोतीराव फुले भारावले आणि १८४८ मध्ये पुण्यात त्यांनी शाळा काढली. सावित्रीबाईंचं अध्यापनाचं शिक्षणही फरारबाईंकडे झाल्याचं सांगितलं जातं.

हॉल ते भिडेवाडा अशी सरळ रेघ ओढायचा मोह होतो, पण तसं करू नये. भिडेवाड्याचं श्रेय जोतीरावांचं आणि सावित्रीबाईंचंच. शेण-चिखल त्यांनी झेलला. तरी पुण्याच्या एका तरुणाला मुलींचा वर्ग बघायला मिळाला, तो वर्ग कुठून तरी आला होता ना?

मिठागर:

छापखान्याचं राहिलंच की! मी छपाईच्या धंद्यातला, त्यामुळे ते मी लिहिणार.

होरेशिओ बार्डवेल नावाचा मिशनरी १८१६ मध्ये आला, त्याला छपाई येत होती. टाइप कलकत्त्याहून मागवले आणि १८१७ मध्ये मुंबईत मिशनचं मराठी छापकाम सुरू झालं. पहिलं पुस्तक जेमतेम आठ पानांचं. पुढे जेम्स गॅरेट आला, त्याने कारखाना नावारूपाला आणला. गणपत कृष्णाजी हे याच छापखान्यात हात बसवून बाहेर पडले आणि त्यांनी स्वतःचा छापखाना काढून पंचांग छापलं. सोवळ्याची अडचण नको म्हणून शाईत चरबीऐवजी तूप घालत, अशी आठवण सांगतात. निर्णयसागरचे जावजी दादाजीसुद्धा लहानपणी याच अमेरिकन मिशन प्रेसमध्ये कामाला होते. तिथल्या थॉमस ग्रॅहॅमने पाडलेला देवनागरी टाइप बघा कधी मिळाला तर. खिळ्यावरचं वळण इतकं घोटीव की आजचे कित्येक फॉन्ट त्यापुढे फिके पडतील.

म्हणजे बायबल छापायला आलेल्या यंत्राने शेवटी घराघरात एकादशी कधी आहे ते सांगितलं.

गोडाचा_शिरा:

तुपाची शाई! आजच्या भावात पंचांग परवडलं नसतं हो मिठागरकाका.

मिठागर:

आणि उंदरांनी श्रावण आधीच संपवला असता.

संपादक_मंडळ:

चर्चा छान चालली आहे. धर्मांतरावरचा वाद व्यक्तींवर जाऊ देऊ नये ही विनंती. दोन प्रतिसाद काढले आहेत.

उत्तरा_बॉस्टन:

इकडून बघणारीचं थोडं. विल्यम्सटाउनला ते गंजीचं स्मारक आहे. संगमरवराचा खांब, वर पृथ्वीचा गोल आणि खाली कोरलेली गवताची गंजी. १८६७ मध्ये उभारलेलं. आम्ही गेलो तेव्हा आसपास कुणी नव्हतं. मराठीचा आणि या माळाचा काही संबंध आहे हे मुलांना सांगितलं तर त्यांना पटेना.

पण मला सगळ्यांत जास्त ओढ लागली ती बायकांच्या गोष्टीची. तिच्याबद्दल या धाग्यावर अजून कुणी लिहिलेलं नाही. सॅम्युअल न्यूवेलची बायको हॅरिएट. लग्न होऊन लगेच जहाजावर चढली. कलकत्त्यात राहू दिलं नाही म्हणून नवरा-बायको मॉरिशसला निघाले, वाटेत समुद्रावरच बाळंत झाली, बाळ गेलं, आणि ३० नोव्हेंबर १८१२ ला मॉरिशसला तीही गेली. वय १९. एकाही माणसाला उपदेश करायची वेळ तिच्यावर आली नाही. तिची रोजनिशी आणि पत्रं छापली गेली तेव्हा अमेरिकेतल्या घराघरांत वाचली गेली आणि ती वाचून कितीतरी मुलींनी मिशनची वाट धरली.

दुसरी हॉलची बायको मार्गारेट. ही इंग्रज, मूळची लुइस. लग्न मुंबईतच, डिसेंबर १८१६ मध्ये. मुलं सारखी आजारी, म्हणून १८२५ मध्ये दोन मुलांना घेऊन ती अमेरिकेला निघाली. ज्या देशात तिने कधी पाऊल ठेवलं नव्हतं तिथे! हॉल मागे राहिला, कारण मिशनमध्ये माणसंच उरली नव्हती. एक मुलगा प्रवासातच दगावला. नवरा त्यानंतर वर्षभरही जगला नाही, आणि ती बातमी तिला समजायला पुढे महिने लागले. वाचलेला मुलगा, त्याचंही नाव गॉर्डन, नॉर्थॅम्प्टनला पाळक झाला.

वाटसरूदादा, तुम्ही विचारता आयुष्य कुणाच्या मापाने मोजायचं. मी विचारते, हाक एकाला आली, किंमत कुणी कुणी मोजली? मार्गारेटला कुणी विचारलं होतं का?

चाफा:

उत्तराताई, वाचून गलबलून आलं.

भिंगारवाला:

ताई, योग्य बोललात. आमच्याकडे मंडळीच्या इतिहासात पाळकांची नावं पाटीवर असतात, पाळकीणबाईंची नसतात. अर्धं काम त्यांनीच केलेलं असतं.

वाटसरू_नाशिक:

उत्तराताई, मार्गारेटचा भाग मी इतका बाजूला ठेवला होता याची आता चुटपुट लागली आहे. हॉल मागे का राहिला ते तुम्ही लिहिलंतच. न्यूवेल १८२१ मध्ये पटकीने गेला होता, निकोल्स १८२४ मध्ये ठाण्यात गेला, नॉट तर १८१५ मध्येच तब्येतीपायी परतला होता. १८२५ मध्ये फ्रॉस्टही गेला. हॉलने निघणं म्हणजे भाषा येणारा जुना माणूस निघून जाणं.

आता त्याचा शेवट लिहितो. धागा काढताना हाच भाग मनात होता.

पेशवाई बुडाल्यावर घाटावरचा मुलूख मिशनऱ्यांना खुला झाला. २ मार्च १८२६ रोजी हॉल हाताखालच्या दोन पोरांना सोबत घेऊन मुंबईहून निघाला. बरोबर वाटायची पुस्तकं आणि औषधं. नाशिकला पोचला तर गावात पटकीने थैमान घातलेलं. त्याने तळ हलवला नाही. घरोघर जाऊन औषधं देत राहिला, बोलत राहिला, औषधांची पेटी रिकामी होत आली तेव्हा परत फिरला. १९ मार्चच्या रात्री उशिरा वाटेतल्या एका गावात पोचला आणि देवळाच्या ओसरीवर आडवा झाला. तिथे आधीच दोन रोगी पडलेले होते. पहाटे चारच्या सुमाराला त्यालाच झटका आला. उरलंसुरलं औषध घेतलं, पण पोटात ठरेना. त्याने सोबतच्या मुलांना सांगितलं की मी आता वाचत नाही, घड्याळ आणि कपडे चोरीला जाऊ देऊ नका, मला कसं पुरायचं ते असं असं. मग त्यांच्यासाठी, बायकामुलांसाठी, आजूबाजूला जमलेल्या लोकांसाठी प्रार्थना केली. "देवा, तुझा गौरव असो," असं तीनदा म्हणाला. दुपारपर्यंत संपलं. त्या पोरांनी खड्डा खणला, घोंगडीत गुंडाळलं आणि पुरलं. पेटी नाही, पाळक नाही. पुढे तिथे दगड बसवला गेला.

नव्या कराराचं मराठी भाषांतर त्याच वर्षी पूर्ण छापून निघालं.

मी हिंदू आहे, माझी श्रद्धा पंढरीच्या वारीत आहे. हॉलला ती अंधश्रद्धा वाटली असती हे मला ठाऊक आहे. तरी हे वाचून मी त्याच्यापुढे हात जोडतो.

डॉक्टरकाका:

इथे दोन गोष्टी सांगाव्याशा वाटतात. तेव्हा पटकीवर कंपनीचे डॉक्टर काय देत? अफूचा अर्क, कॅलोमेल म्हणजे पाऱ्याचं क्षार, ब्रँडी. हॉलच्या पेटीतही याच धर्तीचं काही असणार. पटकीत माणूस मरतो तो पाणी आणि क्षार निघून गेल्याने, काही तासांत. पहाटे चारला सुरू आणि दुपारी शेवट, हे वर्णन वैद्यकीयदृष्ट्या अगदी तंतोतंत आहे. शिरेतून मिठाचं पाणी द्यायचा पहिला प्रयोग थॉमस लॅटा यांनी स्कॉटलंडमध्ये केला तो १८३२ मध्ये, म्हणजे सहा वर्षांनी. तोही पुढे विसरला गेला. पटकी पाण्यातून पसरते हे जॉन स्नो यांनी लंडनमध्ये दाखवलं १८५४ मध्ये. आणि मीठ-साखरेचं साधं पाणी हजारो निर्वासितांना पाजून डॉ. दिलीप महालनोबिस यांनी बनगावच्या छावणीत जीव वाचवले ते १९७१ मध्ये.

म्हणजे हॉलकडे जे औषध होतं त्याने बहुधा फार कुणी वाचलं नसेल. पण मी शासकीय नोकरीत साथी पाहिल्या आहेत. साथीत गाव पहिल्यांदा कुणाला मुकतं? शेजाऱ्याला. घरं दारं लावून घेतात, नातेवाईक उंबऱ्याबाहेरून चौकशी करतात. अशा वेळी जो आत येऊन कपाळावर हात ठेवतो त्याचा धर्म रोगी विचारत नाही. हॉल मुंबईला वेळेत परत फिरला असता तर कुणी नाव ठेवलं नसतं. माझ्यासाठी मोजमाप तिथेच होतं.

रानवारा:

डॉक्टरकाका, हे वाचून जरा थांबलो.

मला त्या माणसाबद्दल आदर वाटतो, हे आता लिहायला हरकत नाही. त्याच्या संदेशाबद्दल नाही वाटत. दोन्ही एकदम खरं असू शकतं. फक्त एक मागणी: जसे त्याचे शेवटचे आठ तास आपल्याला माहीत आहेत, तसे ओसरीवरच्या त्या दोन रोग्यांचे नाहीत. त्यांची नावं कुणी लिहून ठेवली नाहीत. त्या साथीत नाशिकात जे गेले त्यांचीही नाहीत. हॉलला आठवताना तेही आठवावेत.

भिंगारवाला:

रानवारा दादा, येत्या रविवारी आमच्या उपासनेत त्यांच्यासाठीही प्रार्थना करीन. तुमचं नाव न घेता तुमचा मुद्दा सांगेन, चालेल ना?

रानवारा:

नाव घेतलंत तरी चालेल.

खडूफळा:

मूळ प्रश्नावर परत येते. वाटसरू, तुम्ही "साधन" आणि "साध्य" असे दोन ढीग केलेत. हॉलला ते वेगळे दिसत होते असं मला वाटत नाही. शाळेत मुलाला "अ" शिकवणं, रोग्याला औषध पाजणं, रस्त्यात उभं राहून ख्रिस्ताचं नाव घेणं, ही त्याच्या लेखी एकच चाकरी होती. तो हिशोब ठेवायला आलाच नव्हता, वुडबरीला नाही म्हणाला तेव्हाच तो मिटला होता. हिशोब बोर्डाला द्यावा लागे, आणि आता आपण करतोय. तुम्हाला तो मोठा वाटतो तो फळ मिळालं म्हणून नाही आणि मिळालं नाही म्हणूनही नाही. निकाल दिसत नसताना तेरा वर्षं रोज सकाळी उठून त्याच कामाला जाणं, ही गोष्ट कुठल्याही शिक्षकाला कळेल.

वाटसरू_नाशिक:

खडूफळाताई, हेच मला मांडता येत नव्हतं. धन्यवाद.

आता एक व्यवहाराची गोष्ट. हॉलची मूळ पत्रं अमेरिकेत बोर्डाच्या मासिकातून छापली गेली होती. त्यातली नाशिकच्या प्रवासाशी संबंधित तरी मराठीत आणावीत असं मनात आहे. कुणी हातभार लावेल का?

उत्तरा_बॉस्टन:

इकडच्या ग्रंथालयांत ती मासिकं चाळून मिळतील ती पानं मी पाठवते. मार्गारेटची पत्रं सापडली तर तीही. पण मग तीही भाषांतरात घ्यायची, ही माझी अट.

वाटसरू_नाशिक:

अट कबूल.

मिठागर:

टाइपसेटिंग माझ्याकडे. पैसे नकोत.

भिंगारवाला:

"ज्ञानोदय" १८४२ पासून नगरहून निघू लागलं. हॉलसाहेबांवर नंतरच्या कुणी त्यात लिहिलंय का ते जुने अंक चाळून बघतो. वाळवीने खाल्लेले बरेच आहेत, वेळ लागेल. कुणी नगरात असेल तर सोबत या, दोघांनी पानं उलटली तर लवकर होईल.

चाफा:

मी पुण्यात आहे, शनिवारी येऊ शकते. मोडी वाचता येते थोडी, उपयोग होईल का?

भिंगारवाला:

मोडीचं काम निघेलच असं नाही, पण या नक्की. जेवायला आमच्याकडे.